उजनीकाठचे पॉलिहाऊस: मृगापासून पौषापर्यंत

उजनी धरण मायनसमध्ये, म्हणजे मृत साठ्यावर, असते त्याच दिवसांत धरणकाठच्या गावांत पॉलिहाऊसचे खांब उभे राहतात. चैत्र-वैशाखात रान मोकळे असते, काळ्या जमिनीत फाउंडेशनचे खड्डे कोरडे राहतात, फिटर मिळतात. मृग बरसला की त्याच रानात ट्रॅक्टरचे चाक रुतते. त्यामुळे करमाळा तालुक्यातले कंदर, वांगी, केत्तूर, वाशिंबे असो, माढ्यातले टेंभुर्णी असो, की पलीकडच्या तीरावरचे पळसदेव-भिगवण, नवे पॉलिहाऊस किंवा शेडनेट बहुधा ज्येष्ठाच्या तोंडावर हाती येते. लावायचे काय, हा त्यानंतरचा सोपा प्रश्न. केव्हा लावायचे, आणि कोणत्या महिन्यात घर रिकामे ठेवायचे, हा अवघड.

उभारणीवाल्या कंपनीचा माणूस सोप्या प्रश्नाचे उत्तर खिशात घेऊनच आलेला असतो: रंगीत ढोबळी, नाहीतर जरबेरा. दोन्ही पिके चांगली आहेत. पण नव्या घरातला उकाडा किती, वारा कुठून घुसतो, ड्रिपच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचते का, हे मालकाला अजून कळायचे असते. अशा वेळी आठ-नऊ महिन्यांचे पीक आणि बँकेचा हप्ता एकाच आठवड्यात सुरू करणे मला धोक्याचे वाटते. पहिला अर्ध्या वर्षाचा काळ छोट्या मुदतीच्या पिकांना आणि रोपांना द्यावा, आणि घर ओळखीचे झाले की लांब पल्ल्याचे पीक घ्यावे, असे माझे मत आहे. त्याची कारणे या काठाच्या हवेत, मातीत आणि पाण्यातच आहेत.

आधी हवेचे. हॉलंडमध्ये काचघर बांधतात ते थंडी बाहेर ठेवायला. सोलापूर जिल्ह्यात त्याचे काम उलटे. मे महिन्यात इथला पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जातो, आणि वायुवीजन कमी पडले तर पॉलिहाऊसच्या आत त्याहून पाच-सात अंश जास्त भरतात. उन्हाळी दुपारी उघड्या रानात एक लाख लक्सच्या घरात प्रकाश असतो. ढोबळीला त्याच्या निम्माही पुरतो. म्हणजे जे ऊन युरोपातला शेतकरी विकत घेतो ते इथे आधी कापावे लागते. उन्हाळ्यात आपल्याकडचे प्लास्टिकचे घर सर्वांत वाईट चालते, आणि श्रावणापासून फाल्गुनापर्यंत सर्वांत चांगले. बाहेर मुसळधार असो की धुके, आत पान कोरडे राहते, हाच त्याचा खरा फायदा.

या बाबतीत स्पेनच्या आग्नेय कोपऱ्यातला अल्मेरिया प्रांत आपल्याला हॉलंडपेक्षा जवळचा. तिथे पाऊस सोलापूरच्या निम्म्याहून कमी, आणि तीस हजार हेक्टरच्या आसपास प्लास्टिकची घरे. जुलैत त्यांतली बहुतेक रिकामी असतात. जमीन ओली करून तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक अंथरतात आणि उन्हाने माती भाजून घेतात. छतावर चुनखडीच्या भुकटीचा पांढरा थर मारतात, ऑगस्टमध्ये रोपे लावतात, ऊन उतरले की तो थर धुऊन टाकतात, आणि उत्तर युरोप गोठलेला असताना ढोबळी-काकडीचे ट्रक तिकडे रवाना करतात. आपल्याला हे जसेच्या तसे उचलता येत नाही, कारण त्यांचा जुलै कोरडा आणि आपला ढगाळ. माती तापवण्याचे काम इथे वैशाखात उरकावे लागते. छताची फिल्म मेच्या पहिल्या आठवड्यात चढली असेल तर चार-पाच आठवडे मिळतात. नंतर ती संधी पुढच्या वर्षावर जाते.

वाऱ्याकडे मात्र पहिल्या दिवसापासून पाहावे लागते. उजनीचा पाणपसारा मोठा, आणि आषाढातला वारा पश्चिमेचा. करमाळ्याच्या बाजूच्या गावांना तो पाण्यावरून येऊन सरळ भिडतो; मध्ये झाड नाही की घर नाही. त्याआधी वळवाची वावटळ वेगळीच. इथे फाटलेल्या फिल्मच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ कमी जाडीच्या पाइपपेक्षा ढिल्या बसवलेल्या स्प्रिंगमध्ये आणि चुकीच्या दिशेच्या खिडकीत असते. गटर दक्षिणोत्तर, छताच्या वरच्या खिडकीचे तोंड पूर्वेला, आणि पश्चिमेला शेवरीची दाट ओळ, एवढे तरी हवेच. शेवरी एका पावसाळ्यात डोक्याच्या वर जाते. २०० मायक्रॉनची यूव्ही फिल्म एरवी तीन-चार वर्षे टिकते, पण फडफडायला लागली तर एका रात्रीत जाते. वादळाचा इशारा असेल तेव्हा पडदे पूर्ण बंद करावेत. अर्धवट उघड्या घरात वारा शिरला की तो छत आतून उचलतो.

मातीचा विषय नेहमी घाईत उरकला जातो. काठची जमीन काळी, चुनखडीची, पीएच आठच्या वर. उसाला, केळीला ती चालते. बेडवरच्या पिकाचे शेंडे मात्र लोह न मिळाल्याने पिवळे पडतात. म्हणून माळाची तांबडी माती आणायची, तीत शेणखत आणि भाताचे तूस मिसळायचे, असा सर्वमान्य रिवाज आहे. एक हजार चौरस मीटरच्या घरात, म्हणजे ढोबळमानाने दहा गुंठ्यांत, साठ टक्के जागा बेडची आणि बेडची उंची ४० सेंटिमीटर धरली तर २४० घनमीटर मिश्रण होते. त्यात सत्तर टक्के माती म्हटली तरी साठ ब्रासच्या आसपास लागते. इतकी माती एका ठिकाणची, न वापरलेल्या माळाची मिळणे सोपे नाही. मोडलेल्या डाळिंबाच्या बागेतली माती स्वस्तात मिळते, पण तिच्यासोबत सूत्रकृमी फुकट येतात. ढोबळी आणि काकडी दोन्ही त्यांच्या आवडीच्या. दुसरा मोह उजनीच्या गाळाचा. उन्हाळ्यात पाणी मागे सरले की लोक ट्रॉल्या भरभरून गाळ नेतात आणि मुरमाड माळ सुधारतात. तिथे तो उत्तम. बेडमध्ये मात्र त्याची बारीक चिकणमाती ड्रिपच्या रोजच्या पाण्याने दाबून बसते आणि मुळांना हवा मिळत नाही.

आता पाणी. समोर समुद्रासारखे धरण असताना पाण्याची चिंता कसली, असे परक्याला वाटेल. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणात एकूण ११७ टीएमसी पाणी मावते, पण त्यातले जिवंत साठ्याचे सुमारे साडेत्रेपन्न; उरलेले ६३-६४ टीएमसी मृत साठा. काठावरचे बहुतेक उन्हाळे त्या मृत साठ्यावरच निघतात. २०२३ साली उजनी साठ टक्क्यांच्या आसपासच भरली, आणि २०२४ च्या जूनमध्ये ती उणे साठच्या जवळ गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती शंभर टक्क्यांच्या वर होती. बॅकवॉटरच्या शेतकऱ्याला या आकड्यांचा अर्थ चांगला कळतो: मोटर पुढे न्यायची, पाइप जोडत जायचे, शेवटी धरणाच्या पोटात चारी खोदून पाणी ओढायचे. ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या त्यांनाच पाण्यामागे असे धावावे लागते, ही या काठाची जुनी सल आहे.

पॉलिहाऊसला पाणी थोडे लागते, पण रोज लागते आणि स्वच्छ लागते. उजनीचे पाणी या दुसऱ्या अटीत कमी पडते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून, भीमेतून इथे येऊन थांबते. त्यातल्या नत्र-स्फुरदावर जलपर्णी आणि शेवाळ पोसते. पातळी उतरेल तसे पाणी हिरवे, जाड होत जाते. वाळूचा फिल्टर आणि त्यापुढे डिस्क फिल्टर, दोन्ही हवेत. आठवड्याला लॅटरलची टोके उघडून पाणी सोडून द्यावे, आणि ठरावीक काळाने आम्लाची मात्रा द्यावी. फिल्टरवर पैसे वाचवले तर बंद पडलेले ड्रिपर पीक सुकल्यावरच दिसतात.

गंमत अशी, की या भागातले सर्वांत चांगले पाणी घराच्या छतावरच पडते. हा भाग अवर्षणाचा, तरी वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटर पाऊस धरता येतो. हजार चौरस मीटरच्या छतावर त्याचे पाच लाख लिटर होतात. पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले तरी चार लाख उरतात. ढोबळीला दर चौरस मीटरला रोज दोन-अडीच लिटर धरले, तर दहा गुंठ्यांची गरज दिवसाला अडीच हजार लिटर. म्हणजे गटरमधून खाली येणारे पाणी पाच महिन्यांहून जास्त पुरते. ते जवळजवळ क्षारमुक्त असते. धरणाच्या पाण्यात अर्धे मिसळले तरी ईसी खाली येतो आणि विद्राव्य खताचे गणित सुटसुटीत होते. गटरचे तोंड शेततळ्याकडे वळवायला चार पाइप लागतात. एवढे साधे काम असूनही बऱ्याच घरांच्या गटरचे पाणी बाहेर रानात सोडलेले दिसते, आणि पाया खचल्याची तक्रार पुढच्या वर्षी येते. पाऊस भाद्रपदात जोर धरतो, म्हणून तळ्याचे प्लास्टिक त्याआधी अंथरलेले असावे.

वीज हा पाण्याचाच दुसरा भाग. शेतीची थ्री-फेज आठ तास, तीही एका आठवड्यात दिवसा आणि दुसऱ्यात रात्री. फॉगरची गरज असते दुपारी बारा ते तीन. रात्रपाळीच्या आठवड्यात फॉगर शोभेचे उरतात. सौरपंपाचे महत्त्व इथे उसापेक्षा पॉलिहाऊसला जास्त आहे, कारण ऊन कडक असते नेमके तेव्हाच त्याची वीज असते.

आता पिके. मृगात घर तयार असेल आणि बेड घाईघाईने झाले असतील तर काकडी घ्यावी. घरातली काकडी परागीभवनाशिवाय फळ धरणाऱ्या जातीची असते. मधमाशी आत येत नाही म्हणून ती अट. लावणीपासून ३५ ते ४० दिवसांत तोडा सुरू. जूनच्या मध्यावर लावली तर श्रावणाच्या आसपास माल निघतो, उपवासांच्या दिवसांत आणि पुढे पितृपंधरवड्यात काकडीला मागणी असते, आणि बाहेरच्या वेली पावसाने केवड्याला बळी पडलेल्या असतात. तीन-साडेतीन महिन्यांत पीक संपते. एवढ्या काळात कुठे गळते, कुठे तापते, कामाला कोण टिकते, हे सगळे कळून जाते. चुकले तरी नुकसान एका हंगामाचे.

ढोबळीचे तसे नाही. ती लावावी जुलैच्या शेवटी ते ऑगस्टच्या मध्यात. रोप तयार व्हायला ३५ ते ४० दिवस, म्हणजे बी जूनमध्येच टाकायला हवे. घर पूर्ण झाल्यावर रोपांची चौकशी करणारा आपोआप सप्टेंबरमध्ये जातो. वेळेवर लावली तर रंगलेली फळे ऑक्टोबरअखेरीपासून, आणि मार्गशीर्ष-पौषात भर. पुण्या-मुंबईच्या हॉटेलांचा आणि लग्नांचा तोच काळ, आणि पुणे-सोलापूर महामार्ग दारात असल्याने संध्याकाळी भरलेला माल पहाटे पुण्याच्या गुलटेकडी बाजारात पोचतो. नीट सांभाळलेले पीक चौरस मीटरला आठ-दहा किलोपर्यंत जाते. पण त्याला दर आठवड्याला फांद्यांची छाटणी, सुतळीला बांधणी आणि किडींवर सतत डोळा लागतो. ऑक्टोबरच्या कोरड्या उकाड्यात फुलकिडे आणि कोळी एकदम वाढतात. ४० मेशच्या जाळीतून फुलकिडा सहज आत येतो, हे विकणारा सांगत नाही. बेड, पाणी, जाळी आणि दुहेरी दार यांतले काहीही आषाढअखेर अपुरे असेल, तर त्या वर्षी ढोबळीचा नाद सोडावा.

जरबेऱ्याचे पंचांग वेगळे. आषाढ-श्रावणात लावलेला जरबेरा अडीच-तीन महिन्यांनी फुलतो, म्हणजे तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई उघडते तेव्हा फुले हातात असतात. चातुर्मास झाडांच्या वाढीत जातो. वेळ जुळते यात शंका नाही. माझी शंका मुदतीवर आहे: हे पीक दोन-तीन वर्षे जागा अडवते, आणि सजावटीत प्लास्टिकच्या फुलांनी केव्हाच हातपाय पसरले आहेत. मार्च २०२० च्या टाळेबंदीत फुलबाजार बंद झाले तेव्हा भाजीवाला निदान गावात माल वाटू शकला, फुलवाल्याने तो उकिरड्यावर टाकला.

या सगळ्यांपेक्षा या काठाला शोभणारा उपयोग रोपवाटिकेचा आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. चारी बाजूंना ऊस आणि केळी. उसाच्या तिन्ही हंगामांचे वेळापत्रक मृग ते पौष या काळात चपखल बसते: आडसाली १५ जुलै ते १५ ऑगस्ट, पूर्वहंगामी १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर, सुरू १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी. एक डोळ्याचे रोप ट्रेमध्ये महिना-दीड महिन्यात लावणीला येते. म्हणजे जूनमध्ये ट्रे भरायचे, मग सप्टेंबरमध्ये, मग नोव्हेंबरमध्ये. मधल्या रिकाम्या जागेत भाजीपाल्याची रोपे. पाच बाय दोन फुटांवर लावायचे म्हटले तर एकराला साडेचार हजारांच्या आत रोपे लागतात, कांडी लावण्याच्या तुलनेत बेणे कितीतरी कमी, आणि पाणी उशिरा आले तरी शेतकऱ्याचा महिना वाचतो. उजनी कधी भरेल याचा भरवसा नसलेल्या गावांत या एका महिन्याची किंमत मोठी आहे. यासाठी पॉलिहाऊसची गरज नाही; पन्नास टक्क्यांचे शेडनेट पुरते. सुरू हंगामाच्या रोपांना थंडीत डोळे फुटायला वेळ लागतो, तेव्हा भरलेले ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकने झाकून ठेवतात आणि कोंब दिसले की पसरतात.

केळीचेही असेच. कंदर-वांगी-टेंभुर्णी पट्ट्यातली केळी आखाती देशांत जाऊ लागली तशी ऊतिसंवर्धित रोपांची मागणी वाढली. प्रयोगशाळेतून आलेली कोवळी रोपे सहा ते आठ आठवडे शेडनेटमध्ये पिशवीत वाढवावी लागतात. मृगबाग आणि कांदेबाग या दोन्ही लावण्यांआधी त्यांना जागा हवी असते. इथे एक गोष्ट जपायला हवी. काकडीवरचा मोझॅक विषाणू मावा केळीवर नेतो, आणि केळीवरचा काकडीवर. एका घरात काकडी आणि शेजारच्या नेटमध्ये केळीची रोपे, हा शेजार दोघांच्याही मुळावर येतो. केळीच्या बागांना लागून उभारलेल्या पॉलिहाऊसमध्ये काकडी घ्यायची तर जाळीला एकही भोक नको. नाहीतर तिथे उसाचीच रोपे करावीत.

भाजीपाला रोपवाटिकेसाठी राज्याने २०२० पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने योजना चालवली आहे, शेडनेट आणि पॉलिटनेलला निम्मे अनुदान देणारी. पॉलिहाऊसला केंद्राच्या फलोत्पादन अभियानातून निम्मेच मिळते, पण निम्मे कशाचे, हे पाहावे लागते. २०१४ च्या निकषांत हजार चौरस मीटरपर्यंतच्या पॉलिहाऊसचा खर्च चौरस मीटरला ९३५ रुपये आणि पाइपच्या शेडनेटचा ७१० रुपये धरला होता. त्यानंतर लोखंडाचे भाव कुठे गेले ते सगळ्यांना माहीत आहे. फरक शेतकऱ्याच्या खिशातून जातो, बहुधा कर्जातून. २०१७ च्या कर्जमाफीची मर्यादा दीड लाखाची होती. पॉलिहाऊसचे कर्ज त्याच्या कितीतरी पट. पॉलिहाऊसवाल्या शेतकऱ्यांना राज्यात वेगळी आंदोलने करावी लागली ती यामुळेच. दहा गुंठ्यांच्या आत सुरुवात करावी, असे मी म्हणतो ते भीतीपोटी नाही; एवढ्या घराला घरचीच दोन माणसे पुरतात म्हणून. शिकण्याची सोय दूर नाही. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात भारत-डच सहकार्याचे भाजीपाला गुणवत्ता केंद्र आहे, तळेगाव दाभाड्याला पॉलिहाऊसचे प्रशिक्षण मिळते. खांब उभे राहण्याआधी तिकडे चार दिवस घालवलेले बरे.

आता थंडी. हवामान खात्याच्या किमान तापमानाच्या यादीत करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नाव हिवाळ्यात वरचेवर दिसते, कधी एक अंकी आकड्यासह. उन्हाळ्यात भाजणारा हाच मुलूख पौषात कुडकुडतो. रात्री पारा दहाच्या खाली उतरला की ढोबळीच्या फुलांत पराग नीट तयार होत नाही आणि फळे चपटी, बिनबियांची राहतात. उपाय फार खर्चाचा नाही. दिवाळीनंतर बाजूचे पडदे दुपारी चारच्या सुमारास, ऊन असतानाच खाली सोडावेत, म्हणजे दिवसाची ऊब आत राहते. सावलीचा पडदा असेल तर तो रात्रीही ओढावा. सकाळी मात्र आठ-साडेआठला पडदे उघडायलाच हवेत. रात्रभर छताखाली जमलेले दव पानांवर ठिबकते आणि करपा त्यावरच वाढतो. पाणी उशिरा, ऊन अंगावर आल्यावर द्यावे. गळीत हंगाम सुरू झाला की पाचट जाळल्याची काजळी छतावर बसते. राज्यातले सर्वाधिक साखर कारखाने ज्या जिल्ह्यात आहेत तिथे ही किरकोळ बाब नाही: मळलेली फिल्म नेमकी प्रकाश कमी असलेल्या महिन्यांत प्रकाश अडवते. दसऱ्यानंतर एकदा आणि संक्रांतीच्या आधी एकदा छत धुवावे.

संक्रांतीला घरात काय उभे आहे आणि शेततळ्यात किती पाणी आहे, यावर पुढचे ठरते. तोवर कालवा सल्लागार समितीची उन्हाळी आवर्तने जवळपास ठरलेली असतात, आणि आपली मोटर किती दिवस पाण्यात राहील याचा अंदाज काठावरच्या माणसाला येतो. तळे निम्मे भरलेले असेल तर ढोबळी सावली करून एप्रिलपर्यंत ओढता येते, किंवा रिकाम्या बेडवर जानेवारीअखेर काकडी लावून होळीचा उन्हाळी बाजार धरता येतो. तळे तळाला गेले असेल आणि धरण दसऱ्यालाच अर्धवट भरलेले असेल, तर फाल्गुनात पीक काढून टाकावे, उरलेल्या पाण्याने बेड एकदा ओले करावेत, वर पारदर्शक प्लास्टिक अंथरावे आणि पडदे बंद करून वैशाखाचे ऊन आत कोंडावे. ट्रेमधली रोपे तेवढ्या काळापुरती शेडनेटमध्ये हलवता येतात. त्यांची रोजची पाण्याची गरज टाकीतूनही भागते.